पनवेलची खाडी: नौकाविहार आणि लोकजीवन

ज्या गावास पाणी लाभले, त्या गावाचा इतिहास निम्मा जमिनीवर आणि निम्मा पाण्यावर घडलेला असतो. जमिनीवरचा इतिहास वाड्यांच्या, मंदिरांच्या व दप्तरांच्या रूपाने मागे उरतो; पाण्यावरचा मात्र भरती-ओहोटीबरोबर पुसला जातो. आपल्या पॅरिशच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या या स्मरणपुस्तिकेत मंदिराच्या बांधणीचा, धर्मगुरूंच्या सेवेचा व निरनिराळ्या मंडळांच्या कार्याचा वृत्तांत वाचकांस अन्यत्र मिळेलच. प्रस्तुत लेखात, ज्या खाडीच्या काठी आपण राहतो त्या खाडीची, तिच्यावर चालणाऱ्या होड्यांची आणि त्या होड्यांतून माणसांनी मिळविलेल्या आनंदाची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. हा विषय कोणास वरवर हलका वाटेल. परंतु एखादा समाज काम कसे करतो यावरून जसे त्याचे शील कळते, तसेच तो विसावा कोठे घेतो व कोणाबरोबर घेतो यावरूनही कळते.

खाडीचे स्वरूप

पनवेल शहर गाढी नदीच्या काठी वसलेले आहे. ही नदी माथेरानच्या डोंगररांगेकडून उतरते. काळुंद्रे व कासाडी या तिच्या शेजारणी. या सर्वांचे पाणी पनवेलच्या खाडीत मिळते, आणि ती खाडी एका बाजूस बेलापूर व दुसऱ्या बाजूस उलवे ठेवून मुंबईच्या बंदरात शिरते. दक्षिणेस कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका व पूर्वेस प्रबळगड यांचा पहारा. काठाने तिवरांची दाट झाडी, तिच्यामागे खाजणे, मिठागरे व भातशेतीचे बांध. चिखलात निवट्या व चिंबोऱ्या, पाण्यात बोय, कोळंबी आणि रायगडकरांचा मानाचा जिताडा. खाडीकाठचे आगरी व कोळी बांधव या सर्वांवर आपला संसार चालवीत आले.

ही खाडी सर्वकाळ सारखी नसते. ओहोटीस तिचे पात्र चिखलाचे व अरुंद होते, भरतीस तेच पात्र भरून होडी शहराच्या उंबऱ्यापर्यंत येते. म्हणून येथील नाखव्यास घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडे. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हा कोकणातील जुना हिशेब. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा, म्हणून सुमारे सहा वाजता पूर्ण भरती. अमावास्येस अथवा पौर्णिमेस पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारच्या सुमारास. रोज भरती सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, हे शास्त्र ज्यांनी शाळेत शिकले नव्हते त्यांनी या पाऊणपटीने आयुष्यभर होड्या हाकल्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास जड पडाव आत घ्यावा व अष्टमीच्या भांगास थांबावे, हा व्यवहार पनवेलच्या बंदरावरील पोरासही ठाऊक असे.

घाटाचे बंदर

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणाऱ्यास सुलभ मार्ग होता तो पनवेलचा. मुंबईच्या धक्क्यावर मचव्यात बसावे, बंदर ओलांडून खाडीत शिरावे, पनवेलास उतरावे आणि तेथून खोपोलीवरून बोरघाट चढावा. व्यापारी, सरदार, वकील, टपाल व फौज या सर्वांचा हाच रस्ता. इंग्रजांची जी फौज पुढे जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे मराठ्यांपुढे नमली, ती १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईहून निघून पनवेलासच उतरली होती. पेशवाईत येथे व्यापार वाढला, सावकारांचे वाडे उभे राहिले. घाटावरून येणारा माल बैलगाड्यांतून उतरे व येथून तरांड्यांत चढे. इतक्या गाड्या जेथे येत-जात तेथे गाड्यांची डागडुजीही मोठी. पनवेलची गाडीची चाके दूरवर नावाजली, ती याच कारणाने. ज्या गावाची कीर्ती चाकांसाठी झाली त्या गावाचे वैभव खरे पाहता होडीने आणले होते.

सन १८३० च्या नोव्हेंबरात मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील गाडीरस्ता खुला केला. तोपर्यंत घाट पालखीने, घोड्यावर अथवा पायी चढावा लागे. आता चाकाची गाडी थेट पुण्यास जाऊ लागली. पनवेलचे महत्त्व त्यामुळे अधिकच वाढले. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्रातील अगदी जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. तत्पूर्वी १८४९ मध्ये येथील बेने इस्रायल बांधवांनी बेथ एल हे आपले प्रार्थनामंदिर बांधले. हिंदू, मुसलमान, यहुदी व पारशी एकाच बंदरावर उतरत आणि एकाच भरतीची वाट पाहत. बंदरावर ओहोटी लागली म्हणजे सावकार आणि हमाल दोघांसही सारखेच थांबावे लागते, ही समतेची शिकवण खाडीने कोणत्याही ग्रंथावाचून दिली.

हवापालटाचे प्रवासी

मौजेखातर पाण्यावर जाण्याची चाल या भागात याच मार्गाने रुजली. मुंबईतील गोरे अधिकारी व श्रीमंत व्यापारी उन्हाळ्यात खंडाळा, पुणे, महाबळेश्वर अशा थंड हवेच्या ठिकाणी जात. त्यांच्या प्रवासाचा पहिला टप्पा पाण्याचा असे: कोणी पनवेलास उतरे, कोणी नागोठण्यास. कामाच्या मचव्यावर आच्छादन घालून, गाद्या पसरून, सोबत न्याहारी घेऊन ही मंडळी निघत. वारा व भरती अनुकूल असली तर प्रवास आनंदाचा. नसली तर तिवरांच्या काठी चिखलात रुतून डासांशी सामना. होडी तीच, तांडेल तोच, खाडीही तीच. एकास तो धंदा होता आणि दुसऱ्यास विहार, एवढाच काय तो भेद.

मुंबई बंदरातील घारापुरीची सफर हाही असाच जुना विहार. तेथील लेणी पाहण्यास अपोलो बंदरावरून होड्या जात. १८७५ मध्ये इंग्लंडचे युवराज, जे पुढे सातवे एडवर्ड म्हणून गादीवर आले, त्यांना तेथे मेजवानी देण्यात आली. राजपुत्रापासून शाळेच्या मुलांपर्यंत सर्व त्याच वाटेने घारापुरीस गेले, आणि प्रत्येक वेळी त्यांस सुखरूप नेऊन आणणारे हात या किनाऱ्यावरच्या खलाशांचे होते.

मग लोहमार्ग आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी धावली, आणि एप्रिल १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग पुरा होऊन मुंबई-पुणे प्रवास अखंड झाला. लोहमार्ग ठाणे, कल्याण व कर्जतवरून गेला. पनवेल बाजूस पडले. ज्या बंदरावर घाटावरचा सारा माल येई तेथे आता आसपासचा तांदूळ, मीठ, लाकूड व मासळी एवढाच व्यवहार उरला. १८८३ मध्ये पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात गेला. पनवेलच्या पुढील शंभर वर्षांच्या शांततेचे मूळ घाटातील त्या लोखंडी रुळांत आहे. स्वतः पनवेलास आगगाडी पाहण्यास १९६४ साल उजाडावे लागले.

साहेबांचा क्लब आणि कोळ्यांची होडी

पनवेलच्या खाडीचे पाणी ज्या बंदरास मिळते, त्याच बंदराच्या दुसऱ्या काठावर १८४६ मध्ये शिडाच्या होड्यांचा शौक करणाऱ्या इंग्रजांनी बॉम्बे यॉट क्लब स्थापन केला. १८७६ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या अनुमतीने त्याच्या नावामागे रॉयल हे पद लागले. अपोलो बंदरावर त्याची टोलेजंग वास्तू उठली. १९२४ मध्ये उद्घाटन झालेले गेटवे ऑफ इंडिया तिच्या अंगणासमोरच उभे राहिले. पुण्यातही १८६८ मध्ये नदीवर वल्ह्यांच्या होड्यांसाठी रॉयल कॅनॉट बोट क्लब निघाला. या संस्थांनी होड्यांच्या शर्यती, त्यांचे नियम, पोहण्याची व सुकाणू धरण्याची शिस्त या गोष्टी आणल्या, हे त्यांचे श्रेय प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तथापि मुंबईच्या त्या क्लबाचे दार येथील रहिवाशांस दीर्घकाळ बंद होते, हेही तितकेच खरे. ज्या कोळ्यांच्या पूर्वजांच्या नावावरून कुलाबा हे नाव पडले असे म्हणतात, त्यांस त्या बंदरात धक्क्यावरचा नोकर म्हणून जागा होती, सभासद म्हणून नव्हती.

काळाचा न्याय असा की स्वातंत्र्यानंतर क्लबाची ती समुद्रासमोरील जुनी वास्तू अणुशक्ती खात्याकडे गेली, आणि क्लब शेजारच्या आपल्या निवासाच्या इमारतीत राहू लागला. शिडांचा खेळही हळूहळू भारतीयांचा झाला. १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांतील शिडांच्या शर्यती याच मुंबई बंदरात झाल्या, आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळविले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीही नदीकाठच्या आपल्या बोट क्लबात वल्ह्यांच्या शर्यतींची परंपरा जोपासली आहे. विहाराची नौका एकदा सर्वांस मोकळी झाली म्हणजे तीतून काय निपजते, त्याची ही उदाहरणे होत.

परंतु क्लबावाचून नौकेचा आनंद नव्हताच असे मात्र कोणी समजू नये. कोळीवाड्यातील मुलगा चालू लागतो तोच डोणीत बसतो. वल्हे कसे धरावे, वारा कोणत्या कानास लागतो, शीड केव्हा सोडावे, हे त्यास कोणी धडा घालून शिकवीत नाही. दोन होड्या एकाच वेळी घराकडे वळल्या की शर्यत आपोआप सुरू होते. बक्षीस काही नसते, पण हरलेल्या तांडेलास आठवडाभर बोल ऐकावे लागतात. खेळ आणि काम यांच्यामध्ये भिंत नसलेला हा नौकाविहार आपल्या किनाऱ्याचा खरा वारसा आहे.

सण आणि पाणी

श्रावणी पौर्णिमा, म्हणजे नारळीपौर्णिमा, हा कोळ्यांचा वर्षारंभच. पावसाळ्यात जाळी घरी असतात. आज कायद्यानेही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या विश्रांतीत होडीची डागडुजी होते, तिला तेल व रंग लागतो. पौर्णिमेस होडी पताकांनी सजते, वाजतगाजत समुद्रास नारळ दिला जातो, आणि बायकामुलांसह सारा वाडा होडीत बसून फेरी मारतो. एरव्ही ज्या होडीत पुरुषांनीच जायचे, तीत त्या दिवशी घरच्या लक्ष्मीसही मानाची जागा असते.

आमच्या ख्रिस्ती कोळी बांधवांनीही ही रीत आपल्या श्रद्धेच्या अंगाने जपली आहे. उत्तन, गोराई, मनोरी, मढ व वसई येथील नाखवे आपल्या होड्यांस संतांची नावे देतात, नाळेवर क्रूस रेखाटतात, आणि हंगामापूर्वी धर्मगुरूंस बंदरावर नेऊन होड्यांस आशीर्वाद घेतात. ज्या शिष्यांस येशूने प्रथम हाक मारली ते जाळी टाकणारेच होते, ही आठवण समुद्रकाठच्या ख्रिस्ती माणसास निराळ्या जवळिकीने असते. गालीलाच्या सरोवरातील वादळाचा पाठ मिस्सात वाचला जातो तेव्हा शेतकरी तो ऐकतो, पण खलाशी तो ओळखतो.

वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा याच संदर्भात सांगण्याजोगी आहे. सप्टेंबरातील या सणास ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदू कोळीही मोठ्या संख्येने येतात. माउलीची मूर्ती समुद्रात कोळ्यांच्या जाळ्यात सापडली, अशी आख्यायिका ते सांगतात. जुन्या काळी माहीम व वांद्रे यांच्यामध्ये पाणी होते व तरीतून जावे लागे. तरी उलटून प्राणहानी होई. अखेरीस लेडी आवाबाई जमशेटजी यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा पूल रहदारीस खुला झाला. एका पारशी बाईच्या देणगीने हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती सर्वांचा मार्ग निर्धोक झाला. पाण्याकाठचे लोकजीवन असेच एकमेकांच्या हातावर उभे असते.

मुंबईत कोकणच्या गरीब उतारूंसाठी लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, ज्यांस लोक प्रेमाने भाऊ म्हणत, त्यांनी १८४१ च्या सुमारास धक्का बांधला. तो होण्यापूर्वी उतारूंस चिखल तुडवीत होडीपर्यंत जावे लागे. पुढे बंदराची भरणी होऊन मूळ जागा पालटली; तरी आजच्या धक्क्यासही भाऊचा धक्का हेच नाव आहे. मोठमोठ्या साहेबांच्या नावाचे धक्के विस्मरणात गेले, पण ज्याने सामान्यांचे पाय कोरडे ठेवले त्याचे नाव टिकले.

पाण्याने घेतलेले मोल

नौकेची हकीकत सांगताना तिच्या दुःखांस वगळणे हे सत्यास धरून होणार नाही. परकीय आगबोट कंपन्यांच्या स्पर्धेत उभी राहण्यासाठी देशी भांडवलावर ज्या बोटी निघाल्या, त्यांस लोकांचा विश्वास बसावा म्हणून संतांची नावे देण्यात आली: तुकाराम, रामदास, आणि त्यांच्याच पंक्तीस संत अंतोनी. लोक या कंपनीस जिव्हाळ्याने माझी आगबोट कंपनी म्हणत. परंतु ११ नोव्हेंबर १९२७ रोजी तिच्या जयंती व तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या.

त्याहून भयंकर प्रसंग १७ जुलै १९४७ चा. स्वातंत्र्यास महिनाही उरला नव्हता. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रामदास बोट रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्या असल्याने घरी जाणाऱ्यांची गर्दी होती. बोटीवर सुमारे ७०० माणसे होती. वादळी वाऱ्यात व मोठ्या लाटांत ती काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि थोड्याच वेळात तळाशी गेली. ६०० हून अधिक माणसे बुडाली. मुंबईस पुष्कळ वेळ वार्ताही नव्हती. त्या वेळी जवळून जाणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतील मासळी समुद्रात टाकून दिली व तिच्या जागी माणसे घेतली, असे त्या दुर्घटनेच्या वृत्तांतांत सांगतात. एका फेरीची मासळी म्हणजे त्या घरांचे कित्येक दिवसांचे अन्न. ते टाकताना कोणी कोणाची जात अथवा धर्म विचारला नाही.

या घटनेपासून जो धडा घ्यावयाचा तो पुरता घेतला गेला, असे म्हणवत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीस निघालेल्या नीलकमल या प्रवासी बोटीवर चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान नौका आदळली, आणि १५ जणांचा अंत झाला. त्यांत सहलीस निघालेली कुटुंबे होती. पुष्कळांच्या अंगावर तरते जाकीट नव्हते. हवापालटाच्या मचव्यापासून आजच्या लाँचपर्यंत दीडशे-दोनशे वर्षे गेली. समुद्राचा स्वभाव मात्र तोच आहे. जो विहारास जातो त्यास समुद्र पाहुणा मानत नाही, खलाशीच मानतो, आणि खलाशाची शिस्त त्याच्यापासूनही मागतो.

न्हाव्याची शाळा

पनवेल तालुक्यातच, खाडीच्या मुखाजवळ न्हावा गाव आहे. तेथे १९१० मध्ये मुंबईच्या आगबोट-व्यवसायातील युसुफ घराण्याच्या दातृत्वाने रहमान हे नाविक प्रशिक्षणालय उभे राहिले. तेथून शिकून निघालेले खलाशी व नाविक जगाच्या सातही समुद्रांवर गेले. पनवेलकरांपैकी अनेकांस हे ठाऊक नसते की, आपल्या तालुक्यातील हे लहानसे गाव दूरदेशच्या बंदरांत ओळखीचे आहे. दर्यावर्दी विद्या ही केवळ वंशपरंपरेची मिरास नसून ती गरजू मुलास शिकविता येते व तीवर त्याचे आयुष्य उभे करता येते, हे न्हाव्याने दाखवून दिले. पुढील विचारास हे उदाहरण उपयोगी पडेल.

पालटलेली खाडी

१७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि खाडीभोवतीच्या गावांचे रूप पालटू लागले. १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला. मुंबई मोटारीच्या टप्प्यात आली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर चालू झाले. १९९८ मध्ये उपनगरी गाडी पनवेलपर्यंत आली. नवीन पनवेलच्या वसाहतींत वसईची, ठाण्याची, गोव्याची, मंगळुराची, अहमदनगरची कुटुंबे येऊन राहिली. आपल्या ख्रिस्ती समाजातील पुष्कळ घरांचा पनवेलशी संबंध याच काळात जुळला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी खाडीकाठच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या उलव्यावरून मचवे वळत, तेथील टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि दहा गावांस आपली जुनी घरे सोडावी लागली.

या उन्नतीस नाके मुरडण्याचे कारण नाही. तीमुळे आमच्या मुलांस नोकऱ्या मिळाल्या व घरे मिळाली. तथापि तिच्याबरोबर काय गेले याचा जमाखर्चही मांडला पाहिजे. खाजणात भराव पडला तेथे पाणी पसरण्यास जागा उरली नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत गाढीचे पाणी शहरात शिरले व घरादारांबरोबर बेथ एल मंदिरातही गेले. तळोजाच्या औद्योगिक क्षेत्रालगत कासाडी नदी दूषित झाल्याची गाऱ्हाणी हरित न्यायाधिकरणापर्यंत गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिवरांची कत्तल हा नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग होय असा निर्णय दिला, तो या पार्श्वभूमीवर. मासळी घटली तशी होडी घटली; होडी घटली तशी, तीतून सणाच्या दिवशी फेरी मारणारी मुलेही घटली. पूर्वी कोळ्याचा मुलगा पाण्यास भीत नसे. आज खाडीपासून हाकेवर राहणाऱ्या शेकडो मुलांनी ती केवळ आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेली असते.

इकडे पाण्यावरचा प्रवास नव्या रूपाने परत येऊ पाहत आहे. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी खाडीच्या मुखाशी बेलापूर येथे ८.३७ कोटी रुपये खर्चून बांधलेल्या धक्क्याचे व जलटॅक्सीचे उद्घाटन झाले. शहराच्या आत वडाळे तलाव सुशोभित करण्यात आला. संध्याकाळी तेथे आबालवृद्ध फिरावयास येतात. पनवेलास पूर्वीपासून अनेक तलाव आहेत. कृष्णाळे, देवाळे, विसराळे ही नावे जुन्या पनवेलकरांच्या तोंडी आहेत, आणि एक तलाव तर बेने इस्रायल बांधवांच्या आठवणीने इस्रायल तलाव म्हणूनच ओळखला जातो. पाणी आहे, माणसे आहेत, आता रस्तेही आहेत. प्रश्न एवढाच की हे पाणी कोणाचे राहणार.

पुढील पिढीसाठी काही विचार

आतापर्यंतच्या हकीकतीतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, विहाराची होडी कामाच्या होडीची लेक आहे. जेथे कोळी, खलाशी व सुतार नांदतात तेथेच नौकाविहार सुरक्षित आणि स्वस्त असतो. ते निघून गेले की केवळ श्रीमंतांची खर्चिक क्रीडा उरते. दुसरी ही की, धक्का ज्याच्यासाठी बांधला जाईल त्याचे पाणी होते. यॉट क्लबाचा धक्का सभासदांसाठी होता, भाऊंचा धक्का सर्वांसाठी. तिसरी ही की, शिस्तीवाचून पाण्याशी मैत्री होत नाही. रामदास व नीलकमल यांच्या प्रेतयात्रा हे आपणास बजावून सांगतात.

यावरून जे करावयाचे ते सुचते. खाडीकाठी कोठेही नवा धक्का अथवा नौकाविहाराचे स्थान होईल तेथे कोळीवाड्याच्या होड्यांस प्रथम जागा असावी, आणि नौका चालविण्याचे व शिकविण्याचे काम त्या वाड्यातील तरुणांस मिळावे. न्हाव्यास जे शिक्षण खलाशांस देता आले, त्याचा लहानसा अंश आपल्या शाळांतील मुलामुलींस का देता येऊ नये? पोहणे, वल्हविणे, भरतीचे गणित आणि बुडत्यास वाचविण्याची रीत, एवढे प्रत्येक मुलास आले पाहिजे. तिकीट असे असावे की मजुराच्या कुटुंबासही रविवारी एक फेरी परवडावी. प्रत्येक बोटीवर जितकी माणसे तितकी तरती जाकिटे असावीत व ती अंगावर असावीत. बसण्याच्या मर्यादेपलीकडे एकही माणूस घेऊ नये. आणि तांडेलाने नको म्हटले की मग कोणाच्याही ओळखीने होडी सुटू नये. आषाढातील अमावास्येच्या गर्दीस असा नकार देणारा कोणी असता, तर कित्येक घरांतील दिवे विझले नसते.

आपल्या पॅरिशनेही यात आपला वाटा उचलावा. आमच्या युवक मंडळाने वर्षातून एक दिवस तिवरांतील कचरा काढण्यास द्यावा, आणि त्या कामात कोळीवाड्यातील व शेजारच्या सर्व समाजांतील तरुणांस बरोबर घ्यावे. शाळेच्या सहली दूरच्या करमणुकीच्या बागांत जातात, तशा एकदा आपल्याच खाडीवर न्याव्यात. आमच्यातील जे वृद्ध मचव्याने आले-गेले, ज्यांनी बंदरावर मिठाच्या व भाताच्या गोण्या चढताना पाहिल्या, त्यांच्या आठवणी आताच लिहून घ्याव्यात. ज्या माणसांस त्या होड्या ठाऊक आहेत ती फार दिवस आपणाजवळ राहणार नाहीत.

ज्युबिलीच्या वर्षी जुन्या इस्रायली लोकांत जमिनी मूळ मालकांस परत मिळत, ऋणे माफ होत व भूमीस विसावा मिळे, असे धर्मशास्त्र सांगते. पाण्यासही तसाच विसावा हवा आहे, आणि ज्यांचा त्यावर पिढ्यान्पिढ्यांचा हक्क आहे त्यांस तो परत मिळावयास हवा आहे. पनवेलच्या खाडीने घाटावरचे धान्य वाहिले, फौजा वाहिल्या, हवापालटास निघालेले साहेब वाहिले आणि सणाच्या दिवशी नटलेली बायकामुले वाहिली. तिच्याकडे पाठ करून आपण मोठे शहर होऊ. पण तिच्याकडे तोंड करून राहिलो तर एक गावही राहू. पुढील ज्युबिलीच्या वेळी कोणी हा इतिहास पुढे लिहील, तेव्हा त्यास खाडीत पाणी, पाण्यावर होडी आणि होडीत सर्व घरांतली मुले दिसोत, हीच परमेश्वराजवळ प्रार्थना.